परक्या अंगणातील प्रभातव्यायाम

(आलापल्ली परिसरात नव्याने रुजू झालेले शिक्षक, वनरक्षक आणि आरोग्यसेवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आलापल्लीच्या चौकात पहाटे पाच वाजता कोणी उभे राहिले, तर हे गाव आपल्याआधी किती तरी वेळ जागे झालेले आहे, हे त्याच्या ध्यानात येते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, आष्टी अशा चहूदिशांना जाणाऱ्या वाटांचा येथे मेळ आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. प्रत्येक सेकंदाला गुण आहेत आणि त्या गुणांवर घराची पुढची तीस वर्षे अवलंबून आहेत. एटापल्लीच्या बाजूने लोहखनिज भरलेले ट्रक येऊ लागले की ही मुले रस्ता सोडून खाली उतरतात, धुळीत थांबतात आणि पुन्हा धावू लागतात. मार्च-एप्रिलचे दिवस असतील तर बायका आणि लहान मुले टोपल्या घेऊन मोहाच्या झाडांखाली पोचलेली असतात. मोहफूल रात्री आणि पहाटे गळते. ऊन चढण्याआधी आणि गुरे-ढोरे येण्याआधी ते वेचावे लागते.

अशा गावात बाहेरून आलेला एक तरुण शिक्षक किंवा वनरक्षक पहाटे उठतो. तो सातारचा असेल, पुण्याचा असेल, अमरावतीचा असेल. घरी असताना तालमीत जाण्याचा, सूर्यनमस्कार घालण्याचा किंवा निदान दोन मैल फिरून येण्याचा त्याचा नेम होता. येथे भाड्याच्या खोलीपुढे एक मोकळे अंगण आहे. तो अंगणात उतरतो, हात जोडतो, वाकतो, पाय मागे टाकतो, छाती जमिनीकडे नेतो, उठतो. समोरच्या ओट्यावरून एक वयस्क गृहस्थ शांतपणे हे पाहत असतात. पाच-सहा वेळा हा प्रकार झाल्यावर ते काळजीने विचारतात, “काय हरपलं जी, गुरुजी?”

हसू येण्यासारखाच प्रश्न आहे, पण तो हसण्यावारी नेऊ नये. विचारणाऱ्याच्या मनात टिंगल नसते. माणूस जमिनीकडे वाकतो तो काही उचलण्यासाठी, पेरण्यासाठी, वेचण्यासाठी किंवा नमस्कारासाठी, हा त्याचा जन्मभराचा अनुभव आहे. समोर मूर्ती नाही, हातात टोपली नाही, तरी माणूस वाकतो आहे. तेव्हा काही तरी हरवले असले पाहिजे, हा त्याचा तर्क अगदी सरळ आहे. या प्रश्नाने मात्र अनेक नवागतांचा नेम मोडतो. दुसऱ्या दिवशी दार लावून खोलीत व्यायाम होतो. खोलीत उकडते. मग तो एक दिवसाआड होतो, मग रविवारी, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत बंद होतो. पहाटेचा नेम सुटला की उठण्याची वेळ सुटते, जेवणाची वेळ सुटते, संध्याकाळ मोबाइलवर जाते आणि सहा महिन्यांत बदलीचा अर्ज तयार होतो. गडचिरोलीतील नेमणूक ही शिक्षा, असे बोलण्याची एक वाईट चाल आपल्या प्रशासनात पडलेली आहे. ती शिक्षा वाटू लागते ती बहुधा अशा क्रमाने. ज्या गावाला चार वर्षांत चार शिक्षक मिळतात, त्या गावाच्या मुलांचे काय होते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

तेव्हा परक्या समाजात राहताना पहाटेचा व्यायाम कसा टिकवावा, हा आजचा विषय वरकरणी लहान दिसतो, पण लहान नाही. आणि आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. येथे ‘परका’ हा शब्द गावाला लावायचा नाही. माडिया आणि गोंड बांधव या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत; आलापल्लीच्या सागाची कीर्ती झाली, वखारी झाल्या, वनविभागाची कार्यालये झाली, त्यापूर्वीपासून. परका असेल तर तो पहाटे अंगणात उतरणारा आहे.

परक्या मुलखात व्यायाम टिकवण्याचा विचार महाराष्ट्रात कोणी केला, याचा शोध घेतला तर वाट औंधाला जाते. सातारा जिल्ह्यातील औंध हे एक छोटे संस्थान. तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. चित्रकला, कीर्तन आणि व्यायाम ही त्यांची तीन व्यसने. सूर्यनमस्कार म्हटले की आज त्यांचे नाव निघते. पण त्यांच्या व्यायामाचा आरंभ सूर्यनमस्काराने झाला नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो नावाच्या जर्मन मल्लाचा युरोपात मोठा बोलबाला होता. आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला आजही ‘सँडो’ म्हणतात, ते याच गृहस्थाच्या नावावरून. पंतप्रतिनिधींनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. म्हणजे स्वतःच्या वाड्यात, स्वतःच्या संस्थानात राहून त्यांनी परक्या देशाचा व्यायाम अंगवळणी पाडून पाहिला. त्यानंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले. तुलना करून, अनुभव घेऊन वळले, म्हणूनच पुढे त्यांचे सांगणे लोकांना पटले असावे.

वळले ते मात्र पूर्णपणे. औंधच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू झाले. राजवाड्यात तर लहान-थोर कोणीच सुटले नाही. नमस्काराच्या स्थिती किती, श्वास केव्हा घ्यावा, केव्हा सोडावा, मंत्र कोणता म्हणावा, याची त्यांनी नीट बांधणी केली आणि त्यावर पुस्तके लिहिली. येथे एक खुलासा केलेला बरा. सूर्याची उपासना आपल्याकडे फार जुनी. नमस्कार घालण्याची चालही महाराष्ट्रात त्यांच्यापूर्वीपासून होती. पण आज शाळाशाळांतून दिसणारा क्रमबद्ध, मोजून घालण्याचा सूर्यनमस्कार रूढ झाला त्यात औंधच्या या राजाचा वाटा फार मोठा आहे. आपल्या परंपरेची थोरवी सांगताना तिला हजार वर्षे जास्त जोडण्याची गरज नसते. एका मराठी माणसाने आपल्या डोळ्यांदेखत तिला आकार दिला, हीदेखील थोरवीच आहे.

१९३६ मध्ये हे राजेसाहेब इंग्लंडला गेले. वय अडुसष्टीच्या घरात. अंग ताठ, चेहरा तेजस्वी. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना त्यांच्या प्रकृतीचे नवल वाटले. त्यांनी विचारपूस केली आणि ‘न्यूज क्रॉनिकल’ या पत्रातून सूर्यनमस्काराची माहिती इंग्रज वाचकांना दिली. पुढे १९३८ मध्ये लंडनमध्ये राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याचे संपादन याच बाईंनी केले. सूर्याचे दर्शन दुर्मिळ असलेल्या त्या देशात घरकामातून वेळ काढणाऱ्या स्त्रियांनी या व्यायामात रस घेतला. त्याचे कारण साधे आहे. त्याला साधन लागत नाही, मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही. एका माणसाच्या उंचीएवढी जमीन पुरते. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे, की राजेसाहेब तेथे कोणाला व्यायाम शिकवायला गेले नव्हते. ते स्वतःचा नेम चालवीत होते. विचारणारा आधी आला, सांगणे नंतर झाले.

योगायोग असा, की त्याच १९३६ मध्ये आपल्या विदर्भातले तरुणही युरोपात होते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ मध्ये स्थापन झालेली संस्था. वैद्य बंधूंनी ती नावारूपाला आणली. या मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. विदर्भाने अभिमान बाळगावा, असेच ते काम होते. तरीही आजच्या विषयासाठी बर्लिनपेक्षा लंडनचे उदाहरण जवळचे आहे. प्रात्यक्षिक एका दिवसाचे असते; टाळ्या वाजतात आणि मंडळी परत येतात. परक्या गावात राहणाऱ्याला रोज उठायचे असते आणि टाळ्या कोणी वाजवणार नसते.

असे रोज उठणे ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर आले, ते राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब, म्हणजे अप्पा पंत. जन्म १९१२ चा. शिक्षण ऑक्सफर्डला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली, त्या प्रयोगात वडिलांच्या बरोबरीने राबलेला हा मुलगा. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना १९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. पुढे सिक्कीम, जकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम असा मुक्काम पडत गेला. म्हणजे विषुववृत्ताजवळच्या नैरोबीपासून ते हिवाळ्यात सकाळी नऊनंतर सूर्य उगवणाऱ्या ओस्लोपर्यंत. कोठे ख्रिस्ती समाज, कोठे मुसलमान, कोठे बौद्ध. वडिलांनी लहानपणी अंगी लावलेला सूर्यनमस्कार त्यांनी सोडला नाही. लंडनमध्ये उच्चायुक्त असताना, १९७० साली, त्यांचे सूर्यनमस्कारावरचे छोटे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्चायुक्ताने वेळात वेळ काढून व्यायामावर पुस्तक लिहावे, ही गोष्ट राजनैतिक वर्तुळात विरळाच.

नैरोबीचा काळ अधिक पाहण्यासारखा आहे. त्या शहरात गोऱ्यांची वस्ती वेगळी, हिंदी लोकांची वेगळी, आफ्रिकी लोकांची वेगळी. हिंदी व्यापारी आपल्या वस्तीत आपले सण, आपले जेवण, आपले खेळ सांभाळून होता. आफ्रिकी माणूस त्याच्या दुकानात येई, घरात क्वचितच. अप्पासाहेबांनी ही भिंत मानली नाही. त्यांच्या घरी आफ्रिकी पुढाऱ्यांची ये-जा असे, जोमो केन्याटांशी त्यांचा स्नेह जुळला आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना ते फार खुपले. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा तर या आयुक्ताला परत बोलवा, असा लकडा इंग्रजांनी लावला. एका हाताने आपला नेम धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने दार उघडे ठेवावे, ही रीत तेथे दिसते. नुसता नेम धरला तर वस्तीतल्या वस्तीत कोंडलेला व्यापारी होतो. नुसते दार उघडे ठेवले आणि स्वतःचे काहीच नसले, तर आलेल्याला देण्यासारखे काही उरत नाही.

नैरोबी आणि लंडन फार दूरची झाली, असे कोणी म्हणेल. जवळचे उदाहरण आपल्याच रस्त्यावर आहे. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना भामरागडच्या अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. रस्ते नव्हते, वीज नव्हती, पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटत असे. माडिया बांधव अंगभर कपडेवाला माणूस दिसला की बिचकतात आणि त्यांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही, हे पाहून डॉक्टरांनी स्वतःचे कपडे बनियन आणि अर्ध्या विजारीवर आणले, ते कायमचे. बिबट्यासारखी जनावरे बरोबर घेऊन फिरायला निघणारे डॉक्टर हे तेथील ओळखीचे दृश्य झाले. त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही. पण फिरणे झाले, जनावरांची देखभाल झाली आणि शिकारीवर जगणाऱ्या लोकांना जनावराकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मिळाली. स्वतः बाबांचे चालणेही असेच प्रसिद्ध. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर आडवे व्हायचे, नाही तर उभे राहायचे. वरोऱ्याच्या आनंदवनातून त्यांची पहाटेची फेरी निघाली की ती फेरी हीच कामाची पाहणी असे.

आता आपल्या गुरुजींच्या अंगणाकडे परत येऊ. ‘काय हरपलं?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? दार लावून घेणे हे उत्तर नव्हे. लांबलचक प्रवचन देणे हेही नव्हे. “दिवसभर खुर्चीत बसायचं असतं, अंग आखडतं, तुमच्यासारखं काम नाही ना मला,” एवढे खरे उत्तर पुरे आहे. ते खरेच आहे. एक पायली मोहफूल वेचणारी बाई सकाळभरात किती वेळा कमरेत वाकते, याची मोजदाद करून पाहावी. मे महिन्यात तेंदूपाने तोडून, पुडके बांधून फळीवर नेईपर्यंत एका कुटुंबाची किती चाल होते, हे एक दिवस त्यांच्याबरोबर जाऊन पाहावे. रात्रीच्या रेला नृत्यात हातात हात गुंफून, गुडघे लवचून तासन्‌तास फेर धरणाऱ्या तरुणांना बैठका शिकवण्याचा आव कोणी आणू नये. नवागताने त्या फेरात दहा मिनिटे टिकून दाखवावे, मग बोलावे.

खरी जबाबदारी पुढे आहे. नवागत शिक्षक आपला नेम अंगणापुरता ठेवत नाही. त्याला तो शाळेत न्यावासा वाटतो आणि वाटणे योग्यही आहे. गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या तिन्ही आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांतून शेकडो मुले घरापासून दूर राहतात. तेथे पहाटे रांगा लागतात, शिटी वाजते, कवायत होते, मैदानाच्या फेऱ्या होतात. रांगेत एक मुलगा मागे पडतो. धापा टाकतो. पाय दुखतात म्हणतो, हात दुखतात म्हणतो. कधी पोट धरून खाली बसतो. शिट्टी हातात असलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘आळशी’. शिक्षा म्हणून आणखी दोन फेऱ्या दिल्या जातात.

बंधुभगिनींनो, त्या दोन फेऱ्यांनी त्या मुलाचा जीव जाऊ शकतो.

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. माता आणि पिता दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर वाहक. रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग सांध्यांत, हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठते. ती उठण्याची नेहमीची कारणे कोणती? अंगातले पाणी कमी होणे, कडाक्याची थंडी, ताप आणि आवाक्याबाहेरचे श्रम. डिसेंबरच्या पहाटे, पाणी न पिता, थंड पाण्याने अंघोळ घालून मैदानावर धावायला लावलेल्या मुलावर यांतील तीन कारणे एकाच वेळी कोसळतात. वाहक मूल सहसा निरोगी असते, खेळू शकते, धावू शकते. पण अतिश्रम आणि उष्म्यात त्यालाही पाणी आणि विसावा देणे आवश्यक असते. भरतीसाठी जिवाच्या आकांताने धावणाऱ्या तरुणांनीही आपली तपासणी झाली आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा सुरुवातीच्या त्यांच्या संशोधनात सिकलसेलचा विषय होता. हा विकार येथे आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पण लोकांशी बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की लोकांच्या दृष्टीने तातडीची दुखणी दुसरीच आहेत. मग त्यांनी लोकांनाच विचारून कामाचा क्रम लावला. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बाहेरून आलेल्याला असे काही दिसते जे गावाला दिसलेले नसते. आणि गावाला असे काही ठाऊक असते जे बाहेरच्याला सुचत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. तपासणी होऊन कार्डे दिली जात आहेत. शाळेत व्यायाम सुरू करणाऱ्या शिक्षकाने मैदान आखण्याआधी ही कार्डे पाहावीत. कार्ड नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. येथे आरोग्यसेवक आणि शिक्षक एकाच सभागृहात बसले आहेत, हे चांगलेच झाले. त्यांनी सभा संपल्यावर एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत.

दुसरी गोष्ट हिवतापाची. जंगलातला हिवताप साधा नसतो. मेंदूपर्यंत जाणारा प्रकार या भागात पूर्वीपासून आहे. पहाटेच्या अंधारात, नाल्याकाठी, उघड्या अंगाने जोर-बैठका मारण्याची हौस नवागताने करू नये. उजाडेपर्यंत थांबावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, रात्री मच्छरदाणी चुकवू नये. हिवतापात प्लीहा वाढते. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी कुस्तीला किंवा कबड्डीला उभे राहणे धोक्याचे असते, कारण वाढलेल्या प्लीहेवर मार बसला तर ती फुटू शकते. डॉक्टरांनी हात लावून पाहिल्याशिवाय आखाड्यात उतरू नये. ज्यांच्या अंगात खूप रग असते, तेच हे ऐकत नाहीत, असा सर्वत्रच अनुभव आहे.

विसाव्याचे महत्त्व कोणाला पटत नसेल, तर त्याने जानेवारीत कमलापूरला जाऊन यावे. अहेरी तालुक्यातील त्या शासकीय हत्ती कॅम्पमध्ये दरवर्षी थंडीत हत्तींना काही दिवस सुटी दिली जाते आणि वनौषधींच्या काढ्याने त्यांचे पाय शेकले जातात. वर्षानुवर्षे सांभाळलेली ही पद्धत आहे. हत्तीला जे कळते, ते व्यायामशिक्षकाला कळायला हरकत नाही.

आता शाळेतल्या मुलांना काय करायला लावावे, हा प्रश्न राहतो. सूर्यनमस्कार घालावेत का? अवश्य घालावेत, पण ज्याला घालायचे असतील त्याने. औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या शाळांतून ते आवश्यक केले होते. ते त्या प्रजेचे राजे होते, त्यांच्यासमोर स्वतः रोज घालत होते आणि त्यांना नावानिशी ओळखत होते. तो अधिकार पहिल्या महिन्यात आलेल्या परिविक्षाधीन शिक्षकाला नसतो. काही समाजांनी शाळेतील सूर्यनमस्काराच्या सक्तीला विरोध केल्याच्या बातम्या आपण मधूनमधून वाचतो. त्या वेळी दोन्ही बाजूंनी आवाज चढतात आणि मुलांचा व्यायाम मात्र त्या गोंधळात बंद पडतो. सक्तीने घातलेला नमस्कार अंगाला थोडा फार लागेल, पण मुलगा सुटीत घरी गेला की तो सोडून देईल. गुरुजी स्वतः रोज सकाळी घालतात, हे पाहून आलेला मुलगा मात्र शेजारी उभा राहील आणि विचारील. तेव्हा शिकवावे.

मोजणी कोणत्या भाषेत करावी, ही बाब तशी बारीक, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. ‘एक साथ, सावधान’ हे शब्द घरी माडिया बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला आधी धाक म्हणून कळतात, अर्थ म्हणून नंतर. मुलांकडूनच त्यांच्या बोलीतले आकडे शिकून घ्यावेत आणि ‘उंदी’पासून मोजायला सुरुवात करावी. गुरुजींचा उच्चार चुकेल, मुले खळखळून हसतील. हसताना छाती जेवढी फुलते, तेवढी ती कोणत्याही प्राणायामाने पहिल्या दिवशी फुलत नाही. महिन्याभरात मुले मराठीतले आकडे आपण होऊन म्हणू लागतात, कारण आता देवघेव झालेली असते. त्यांच्या रेलाचा ठेका कवायतीत आणता आला तर आणखी उत्तम. मात्र आणण्यापूर्वी गावातल्या जाणत्या माणसांना विचारावे, कारण काही गाणी आणि काही फेर ठराविक प्रसंगांचेच असतात.

रस्त्याविषयी थोडे. वीस वर्षांपूर्वी या भागात अशी सभा भरली असती, तर पहाटे एकट्याने भामरागडच्या रस्त्याने फिरायला जावे, असे सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नसते. सुरुंगाची भीती होती, दोन्ही बाजूंच्या बंदुकांची भीती होती. पोलीस जवानांचा व्यायाम तारेच्या कुंपणाआड होत असे. ती परिस्थिती आज पुष्कळ पालटली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, हे आपण सर्वांनी पाहिले. आज पहाटेची भीती आहे ती अवजड वाहनांची. भरतीच्या मुलांसाठी ट्रकच्या वाटेबाहेर धावण्याची सोय व्हावी, ही मागणी येथील पालकांनी ग्रामसभेत ठेवण्यासारखी आहे. आणि नवागत शिक्षकाने ती लिहून देण्यास मदत करावी. गावाच्या व्यायामात सहभागी होण्याचा हा एक मार्ग झाला.

ज्याला नुसते चालायचे असेल त्याने सुटीच्या दिवशी वनवैभवाकडे जावे. आलापल्लीच्या जंगलातील तो सहा हेक्टरांचा तुकडा निसर्गाच्या स्वाधीन ठेवलेला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शेंडा दिसणार नाही, असे साग तेथे उभे आहेत. बरोबर गावातला एखादा मुलगा असावा. तो झाडांची जी नावे सांगेल, ती वनरक्षकाने आपल्या वहीत टिपून ठेवावीत.

अंगणाबद्दल एक राहिले. ज्या ओट्यासमोर किंवा ज्या झाडाखाली नेम करायचा, तेथे काही देवाचे स्थान आहे का, मोहाचे झाड कोणाच्या वाट्याचे आहे, हे घरमालकाला आधी विचारून घ्यावे. या भागात झाडांना मालकी असते. ती कागदावर नसली तरी सर्वांना ठाऊक असते. मार्च उजाडला की मोहाखालची जागा रिकामी करून द्यावी आणि त्या पंधरा-वीस दिवसांत नमस्कार थोडे कमी झाले तरी चालतील; त्या घरची टोपली घेऊन त्यांच्याबरोबर वाकावे. मोहफुलांवर पाय पडू नये, एवढे मात्र पाहावे. ती वेचताना नवख्याची कंबर तासाभरात धरते.